घोडा हलला

लेतुकाचा घोडा वीज पडून मेला याचं डोंगरावरच्या त्या गावात कोणाला फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते घोड्याचा विमा होता याचं.

उन्हाळ्याच्या दिवसांत त्या डोंगरांवर दुपार कलली की ढग जमतात, आणि दरवर्षी वीज चार-दोन जनावरं घेऊन जातेच. वीज आपोआप पडत नाही, ती कोणीतरी पाठवतं, हे गावात शाळेत न गेलेल्यांनाही ठाऊक होतं आणि शाळेत गेलेले ते विसरले नव्हते. कोणी पाठवली, एवढाच काय तो प्रश्न उरायचा, आणि त्याचं उत्तर बहुधा संध्याकाळच्या आत मिळायचं. या वेळी तर ते घोडा गार व्हायच्या आधीच मिळालं. फेफो, म्हणजे लेतुकाचा तो राखाडी घोडा, मागच्याच आठवड्यात दावं तोडून फोका म्हाताऱ्याच्या ज्वारीत शिरला होता. फोका लेतुकाच्या दारात आला होता. भांडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसतं वर आभाळाकडे बघून म्हणाला होता, "बघणारा बघतो." आणि घोंगडी सावरत निघून गेला होता.

एवढं पुरेसं होतं.

हा फोका गावाच्या वरच्या अंगाला एकटा राहायचा. बायको गेली होती, मुलगा खाणीत गेला तो परत आलाच नव्हता. आसपासच्या सगळ्या गावांतून मेंढरं चोरीला जात. एकदा का ती सरहद्दीपलीकडे गेली की गेली. लोक रात्री आळीपाळीने राखण करत, कुत्री पाळत, बंदुका उसन्या आणत. फोकाच्या मेंढवाड्याच्या फाटकाला मात्र सुतळी बांधलेली असे, तीही कुजकी. त्याचं एक कोकरूही कधी हललं नाही. फार वर्षांपूर्वी त्याच्या मेव्हण्याच्या झोपडीवर वीज पडली होती, आणि दोघांचं त्या आधी वाजलं होतं. तेव्हापासून फोकाचं नाव झालं ते झालं. त्याने स्वतः कधी 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणे, "ढगांना विचारा."

लेतुकाचं सगळंच उलटं. त्याला कशालाच नाही म्हणता येत नसे. खालच्या सडकेशी दुकान होतं, तिथून पीठमिठाची पोती घोड्यावर घालून खिंडीपलीकडच्या वाड्यांना पोचवायची, हे त्याचं काम. पन्नाशी उलटली तरी चार माणसांत बोलताना त्याची मान खाली जायची. घोड्याशी मात्र तो वाटभर बोलत असे. मागच्या वर्षी तुमेलो नावाचा विमा एजंट कर्णा घेऊन गावात आला, गावच्या प्रमुखबाईंच्या दारच्या झाडाखाली तासभर बोलला, आणि शेवटी म्हणाला, "मग, कोण पुढे येतंय?" सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. तुमेलोची नजर फिरत फिरत लेतुकावर येऊन थांबली, आणि लेतुका विमेदार झाला.

"नशीब माझं," त्याची बायको मापासेका म्हणाली होती, "तो विमाच विकत होता. बायको मागायला आला असता तर मलाही देऊन टाकलं असतंत."

घोडा मेल्यावर मात्र तिनेच त्याला वरच्या खडकावर पिटाळलं. गावात फोन लागायचा तो त्या एकाच खडकावर, आणि तो खडक नेमका फोकाच्या मेंढवाड्याला लागून. तिथे उभा राहून कोणी सावकाराशी बोलो की सासूशी, गावाला आणि फोकाला ते ऐकू येतच असे. लेतुकाने तिथून तुमेलोला फोन केला.

तुमेलो दुसऱ्याच दिवशी आला, हे कंपनीच्या बाजूने सांगायला हवं. त्याने घोड्याचे फोटो काढले, कानावरची खूण तपासली, आणि झाडाखाली बसून हातातल्या फोनसारख्या मोठ्या पाटीवर एकेक प्रश्न विचारत उत्तरं टिपू लागला. अख्खा गाव भोवती जमला होता. फोकाही आला होता, दगडावर बसून तपकीर ओढत.

"मृत्यूचं कारण?"

"वीज," लेतुका म्हणाला.

"याला कोणी जबाबदार आहे असा संशय?"

लेतुकाने मान खाली घातली. त्याने तोंड उघडायच्या आत गावच एका सुरात बोलला, "फोका."

तुमेलो त्याच डोंगरांतला पोरगा. तो चाचरतच म्हाताऱ्याकडे वळला आणि वडीलधाऱ्यांना हाक मारायच्या रीतीने म्हणाला, "न्ताते, हे खरं का?"

फोकाने चिमूट नाकात सोडली, निवांत शिंकला आणि म्हणाला, "गाव म्हणतोय. एवढा मोठा गाव खोटं कसं बोलेल?"

तुमेलोने तेही टिपलं. त्या दिवशी कोणाला काही वावगं वाटलं नाही. प्रश्न विचारला, खरं उत्तर दिलं.

मग वाट बघणं सुरू झालं. नदीपलीकडे एकाकडे एक तांबूस घोडी विकाऊ होती, डोंगरातल्या चालीची, शांत. लेतुका तिला जाऊन बघून आला होता. मालक म्हणाला होता, "पहिलं बर्फ पडेपर्यंत थांबतो. त्यानंतर वैरण पुरायची नाही, खालच्या बाजाराला नेईन." बर्फ पडलं की खिंड बंद होते. त्या आधी पोती पोचली नाहीत, तर पलीकडच्या वाड्या दुसरा हमाल बघणार, आणि एकदा धरलेला हमाल कोणी सोडत नाही. तोवर लेतुका पाठीवर जमेल तेवढं वाहत होता. खिंड चढताना तो सवयीने बोलायला लागायचा, आणि मग ऐकायला कोणी नाही हे लक्षात येऊन गप्प व्हायचा.

कंपनीने आधी घोडा लेतुकाचाच होता याचा दाखला मागितला. तो दिला. मग घोडा होता याचा पुरावा मागितला. तोही प्रमुखबाईंच्या शिक्क्यानिशी दिला. घोडा आता नाही याबद्दल त्यांची खात्री पटायला त्याहून जास्त वेळ लागला. शेवटी एक दिवस निरोप आला, दावा नामंजूर. उघाडीचे दिवस सरत चालले होते. लेतुका ठेवणीतली घोंगडी पांघरून राजधानीला, मसेरूला, कंपनीच्या कचेरीत गेला.

तिथल्या बाईंचं नाव पुलेंग, सगळे म्हणत म्मे पुलेंग, म्हणजे पुलेंगबाई. टेबल स्वच्छ, बोलणं गोड. तिच्या मागच्या भिंतीवर कंपनीचं मोठं चित्र होतं, घोंगडी पांघरलेला, टोकदार गवती टोपी घातलेला घोडेस्वार, आणि खाली लिहिलेलं, 'तुमचा घोडा, आमची चिंता.'

"बसा न्ताते. प्रवास कसा झाला?"

"झाला, म्मे."

"तुमचं प्रकरण मी स्वतः वाचलंय. विजेने मेलेल्या घोड्याची भरपाई आम्ही देतो."

"मग झालं तर," लेतुका म्हणाला. तो उठायलाच लागला होता.

"बसा, बसा. पण ओळखीच्या माणसाने जाणूनबुजून केलेलं नुकसान आमच्या विम्यात बसत नाही. आणि वीज न्ताते फोकांनी पाठवली, असं तुमच्याच जबाबात आहे. साक्षीला गाव आहे. न्ताते फोकांनीही नाकारलेलं नाही."

लेतुका परत खुर्चीत टेकला. मग त्याने विचारलं, "म्मे, तुम्ही शिकलेल्या आहात. तुमचा विश्वास आहे यावर?"

"माझ्या विश्वासाचा प्रश्न येत नाही, न्ताते. कंपनी ग्राहकांच्या श्रद्धेचा आदर करते."

"आदर नसता केला तर?"

"तर पैसे मिळाले असते," ती म्हणाली. तिला त्याचं वाईट वाटत होतं असंही वाटलं. "तुम्ही पोलिसांत तक्रार दिलीत का?"

"कसली?"

"वीज पाठवल्याची."

"पोलीस हसतील."

"हसले तर तसं लेखी आणा, आपण जोडू. नाहीतर सरळ मार्ग आहे. न्ताते फोकांना म्हणावं, वीज मी पाठवली नाही, एवढं सांगा. बस."

"एवढंच?"

"एवढंच."

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा मापासेका मोरोगोची पालेभाजी चिरत होती. ती पाला तसाच हातात धरून हसत बसली. "एवढंच म्हणे. अहो, फोका नाही म्हणाला की दुसऱ्या दिवशी त्याचा वाडा रिकामा. मग त्याची मेंढरं कोण राखणार, तुमची कंपनी?"

तरी लेतुका दुसऱ्या दुपारी तपकिरीची डबी घेऊन वर गेला. फोकाने डबी घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि त्याला झोपडीत बसवलं. लेतुकाने घसा खाकरला. बायकोने पाठ करून घेतलेलं सगळं तो विसरला.

"न्ताते, ते विजेचं..."

"समजलं मला. लोक खडकावर बोलतात ना, मला ऐकू येतं."

"एक शब्द हवाय, न्ताते. नाही, एवढाच."

"लेकरा, तो एक शब्दच माझ्यापाशी नाही." फोका डबीवर बोटं वाजवत राहिला. "तुझा घोडा गेला, वाईट झालं. माझ्या ज्वारीत शिरला तरी वाईटच झालं. चांगला होता बिचारा, कान हलवून बघायचा. पण मी नाही म्हणालो तर काय होईल तुला कळतं. मला ना मुलगा, ना बंदूक. कुत्रंसुद्धा म्हातारं."

लेतुका निघायला उठला, तोच दाराबाहेरचं ऊन गेलं. मोसम संपत आला तरी एखादं चुकार वादळ येतंच. वारा सुटला, आणि कड्यामागे पहिला गडगडाट झाला.

त्याने मागे वळून पाहिलं तर फोका जागेवर नव्हता. कोपऱ्यात घोंगड्यांचा ढीग होता आणि तो ढीग थरथरत होता.

"न्ताते?"

"दार लाव," ढीग म्हणाला.

लेतुकाने दार लावलं. वीज कडाडली तशी ढिगातून बारीक आवाज आला, फोका आपल्या आईला हाका मारत होता. ती बाई मरून अर्धं शतक झालं असेल. लेतुकाला काय करावं कळेना. पोती बांधताना भेदरलेल्या घोड्याच्या मानेवर हात ठेवायची त्याला सवय होती. त्याने तसाच हात ढिगावर ठेवला, आणि घोड्याशी बोलायचा तसंच काहीबाही बोलत राहिला, की चढ संपत आला, आता सपाटीच आहे, पुढे पाणी मिळेल.

वादळ गेल्यावर फोका बाहेर आला. केस विस्कटलेले, डोळे लाल.

"लहानपणी जवळच पडली होती," तो म्हणाला. "माझ्याबरोबरचं पोरगं गेलं." मग घोंगड्या आवरत, "आता सांगशील गावाला."

लेतुकाला हो म्हणता आलं नाही आणि, नेहमीप्रमाणे, नाहीही म्हणता आलं नाही. तो तसाच खाली आला. बायकोने विचारलं, "काय म्हणाला?" तर म्हणाला, "तपकीर आवडली त्याला."

थंडी वाढली. नदीपलीकडून निरोप आला, वरच्या शिखरावर पांढरं दिसू लागलंय, तुझं काय ते कळव. त्याच दिवशी म्मे पुलेंगने फोन करायला सांगितल्याचा निरोप खालच्या दुकानातून आला, म्हणून लेतुका खडकावर चढला आणि तिला फोन लावला. खाली वाड्यात फोका मेंढ्यांना वैरण घालत होता. वर बघितलं नाही त्याने, पण हात थांबले होते.

"न्ताते लेतुका, मी तुमच्यासाठी साहेबांशी बोलले," फोनवर ती म्हणाली. "न्ताते फोका बोलत नसतील तर राहू दे. ते वीज पाठवूच शकत नाहीत, असं दाखवणारं काही तुमच्याकडे आहे का? तुम्ही स्वतः काही पाहिलंय? तुम्ही फोनवर सांगा, मी टिपून घेते. आजच मंजूर करून देते."

लेतुकाला डोळ्यांपुढे नदीपलीकडची घोडी दिसली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. खिंड दिसली. त्याने नुसतं सांगायचं होतं, आणि सांगायला त्याच्यापाशी होतंही. खाली सुतळी बांधलेलं फाटक वाऱ्यात कुरकुरत होतं.

"नाही, म्मे," तो म्हणाला.

"नीट आठवून बघा."

"नाही. मी काही पाहिलं नाही."

आयुष्यात इतक्या स्वच्छपणे तो पहिल्यांदाच कोणाला नाही म्हणाला असेल. आणि म्हणाला तेही स्वतःच्याच नुकसानीसाठी, म्हणजे सवय नसली की असं होतं. घरी मापासेका त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. खडकावरचं गावाला ऐकू येतं, तसं तिलाही आलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोका त्यांच्या दारात उभा राहिला. अंगावर लग्नकार्याची घोंगडी, डोक्यावर गवती टोपी, हातात काठी.

"चल," तो लेतुकाला म्हणाला. "मसेरूला जाऊ."

"न्ताते, नाही म्हणायला?"

"नाही कशाला म्हणू? मी काय म्हणायचं ते म्हणेन. तू गप्प बस. ते तुला जमतं."

म्मे पुलेंगच्या टेबलापाशी फोका असा बसला की बाकीच्या टेबलांवरचे लोक आपसूक हळू बोलू लागले. बातमी आधीच पसरली असावी. आतल्या खोलीतून तिचे साहेबही बाहेर आले. बारीक चष्मा, मोठी पदवी, कायदा शिकलेले. 'ग्राहकांच्या श्रद्धेचा आदर' हे त्यांचंच वाक्य होतं.

"न्ताते फोका," पुलेंगने विचारलं, "वीज तुम्ही पाठवलीत?"

"पाठवली."

साहेबांनी समाधानाने मान हलवली.

"पण घोड्यावर नाही," फोका म्हणाला.

"मग?"

"कोल्ह्यावर. माझी कोकरं नेत होता."

पुलेंगचं लिहिणं थांबलं. "म्हणजे न्ताते, तुमचा नेम चुकला?"

फोका तिच्याकडे बघत राहिला. ती जरा मागे सरकून बसली.

"माझा नेम चुकत नाही," तो म्हणाला. "घोडा हलला."

पेन पुन्हा चालू लागलं. मग पुलेंग साहेबांकडे न बघता म्हणाली, "सर, जाणूनबुजून नाही म्हटल्यावर हा अपघात होतो. अपघात आपल्यात बसतो."

साहेब काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "बसतो," ते म्हणाले. "पण अपघात यांच्या निष्काळजीपणामुळे झाला. म्हणजे आपण लेतुकांना पैसे द्यायचे आणि ते न्ताते फोकांकडून वसूल करायचे. त्यांच्याकडे मेंढ्या आहेत म्हणे."

फोकाने साहेबांकडे वळून शांतपणे विचारलं, "साहेब, आपण राहता कुठे?"

"का?"

"असंच. घराला पत्रा आहे की कौलं?"

"त्याचा इथे काय संबंध?" साहेब म्हणाले, पण चष्मा काढून पुसू लागले.

तेवढ्यात बाहेर रस्त्यावर कोणीतरी मालट्रकची मागची फळी सोडली. ती अशी धडाडून आदळली की खिडक्या थरारल्या. फोकाच्या घोंगडीआड त्याचं सगळं अंग उडालं. ओठ हलले. लेतुकाला कळलं, तो आईला हाक मारणार आहे. आता मारली की संपलं, मेंढ्या गेल्या, घोडी गेली, सगळंच गेलं.

लेतुकाने त्याच्या दंडावर हात ठेवला, भेदरलेल्या घोड्याच्या मानेवर ठेवायचा तसाच. आणि साऱ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "न्ताते, इथे नको. शहर आहे. आत माणसं आहेत."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, लेतुकाकडे पाहिलं, फोकाच्या थरथरत्या घोंगडीकडे पाहिलं, मग वर छताकडे. छत पत्र्याचं होतं.

"अपघात लिहा," ते पुलेंगला म्हणाले. "वसुलीचा शेरा नको. आजच द्या." आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

श्रद्धेचा आदर कंपनीत असा एकदाच, पण मनापासून झाला.

घोडी बर्फाच्या आधी दोन दिवस नदी ओलांडून आली. लेतुकाने खिंडीतून सगळी पोती नेली. पलीकडच्या वाड्यांना दुसरा हमाल शोधावा लागला नाही.

फोकाचं नाव आता तीन खोऱ्यांत झालं. शहरात जाऊन त्याने कचेरी हादरवली, असं लोक सांगतात, आणि सांगणाऱ्यात मापासेका सगळ्यांच्या पुढे असते. त्याने फाटकाची सुतळीही काढून टाकली आहे. पुढच्या मोसमात तुमेलो पुन्हा गावात आला तेव्हा त्याच्या पाटीवरून संशयाचा प्रश्न गेला होता. त्याच्या जागी नवीन प्रश्न होता, 'न्ताते फोका तुमच्यापासून किती अंतरावर राहतात?' जितकं जवळ, तितका हप्ता जास्त. गावाने तो प्रश्न ऐकून छाती फुगवली आणि विमा कोणीच घेतला नाही.

लेतुका मात्र ढग जमले की घोडी घेऊन वर फोकाकडे जातो. गावाला त्यात शहाणपण दिसतं. वीज फेकणाऱ्याच्या शेजारी उभं राहिलं की ती आपल्यावर कशी पडेल? आता आणखीही दोघे-तिघे आपली जनावरं तिथे नेऊन बांधतात, पण आत झोपडीत फक्त लेतुका जातो आणि दार लावून घेतो.

परवा फार जवळ कडाडली. घोंगड्यांच्या ढिगातून आवाज आला, "कुठे पडली रे?"

"लांब, न्ताते. कोल्ह्यावर."

घोंगडीची कड जरा वर झाली.

"मेला?"

"नाही," लेतुका म्हणाला. "हलला."